पळत येणाऱ्यासाठी बस थांबेल

टण्.

घरात इतकी शांतता होती, की फरशीवर पडलेला चमचा तोफेसारखा वाजला. बाळ मोठ्या मिनतवारीनं झोपलं होतं, सासूबाईंचा दुपारचा डोळा लागला होता, आणि भिंगरीची आई स्वयंपाकघरात फ्रीजसमोर उभी राहून, चमच्याचा माइक करून, दबक्या आवाजात भाषण ठोकत होती.

"आपल्या शहरातल्या बस कशा धावाव्यात," ती फ्रीजला बजावत होती, "हे यापुढे शहरातली तरुण मुलं ठरवतील. आम्ही त्यांना नुसतं विचारणार नाही. ती म्हणतील तसं होईल." या 'होईल'ला हात जरा जास्तच वर गेला आणि माइक निसटला.

बाळानं गळा काढला. आतून सासूबाई म्हणाल्या, "काय होईल गं?"

"काही नाही आई, सभा चालली होती."

"मग सभेतलं एक माणूस रडतंय, ते घे आधी."

टेबलाखालून भिंगरी बाहेर आली. ती यंदाच शाळेत जायला लागली होती आणि एका जागी म्हणून ठरत नसे, म्हणून भिंगरी. "मी टाळ्या वाजवणार होते," ती म्हणाली, "पण तू चमचाच पाडलास."

भाषणाचं कारण असं. भिंगरीची आई शहराच्या बससेवेच्या कचेरीत प्रवासी विभागात होती. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर परतली, तेव्हा टेबलावर एक नवं काम बसून तिची वाट बघत होतं: तरुणांचं सल्लागार मंडळ. वरून आदेश होता, की बससेवेच्या निर्णयात तरुणांना सामील करून घ्यावं. साहेबांनी तिला बोलावून काम समजावलं.

"सात-आठ मुलं गोळा करा. चहा द्या. सीटचं कापड निळं हवं की हिरवं, ते त्यांना ठरवू द्या. मी येतो, फोटो काढू."

"आणि मुलं निळं म्हणाली तर?"

"तर समजूत काढा. हिरवं येऊन पडलंय गोदामात."

म्हणजे लहानपणी खेळात लिंबूटिंबू असायचा, तसं. खेळायचं सगळ्यांबरोबर, पळायचंही सगळ्यांइतकंच, पण आउट झालं काय नि न झालं काय, कोणी धरतच नाही. भिंगरीची आई चार भावंडांत धाकटी. जन्मभर लिंबूटिंबू राहिलेली. तिच्या कपाळाची शीर उडाली. तिनं मनाशी ठरवलं, माझ्या मंडळात असलं काही चालायचं नाही. इथं मुलांचा शब्द खरा. आणि म्हणून ते फ्रीजपुढचं भाषण.

सभा भरली डेपोच्या वरच्या खोलीत. मुलं आली. त्यात दोघांची ओळख आधी करून द्यायला हवी. एक होती मुद्दा. ही दिवसा एका दुकानात काम करायची आणि संध्याकाळी परिचारिकेचं शिक्षण घ्यायची. प्रत्येक वाक्य 'मुद्दा असा आहे' अशा थाटात सुरू करायची, म्हणून ते नाव. दुसरा पेन्सिल. उंच, काटकुळा, आणि डोक्यावर केसांचा खोडरबर असावा तसा झुपका. हा पाट्या रंगवायला शिकत होता.

भिंगरीच्या आईनं भाषण केलं. या वेळी हातात चमचा नव्हता, तरी मुलांच्या चेहऱ्यावर फ्रीजइतकाच गारवा होता.

"म्हणजे आम्ही म्हणू ते खरंच होणार?" पेन्सिलनं विचारलं.

"होणार."

"मुद्दा असा आहे ताई," मुद्दा म्हणाली, "की शेवटची बस आमचा वर्ग सुटायच्या आधीच सुटते. ती चुकली तर घरी जायला काही नाही. त्यामुळे मी रोज वर्ग अर्धा टाकून पळते. आणि नेमकं हातानं करायचं काम शेवटी शिकवतात. मला इंजेक्शन अर्धंच येतं."

"अर्धं म्हणजे?"

"टोचता येतं. काढता येत नाही."

खोलीत कोणी हसलं नाही. मुद्दा पुढं म्हणाली, "बाईंनी सांगून ठेवलंय, आणखी बुडवलंस तर परीक्षेला बसवणार नाही. कापडाचं काय, गोणपाट लावा. बस तेवढी थांबवा."

झालं. बांध फुटला. सगळे बोलायला लागले. पेन्सिलनं भलाथोरला तक्ता पसरला आणि एकेक मागणी रंगात उतरवायला घेतली. वर मोठ्या अक्षरांत 'आजपासून आमची बस'. मग खाली: पळत येणाऱ्यासाठी बस थांबेल. कंडक्टर हसून बोलतील. उशीर झाला तर प्रवाशांना खरं कारण सांगितलं जाईल. शेवटची बस संध्याकाळचे वर्ग सुटल्यावर निघेल.

मध्येच साहेब आले. फोटो झाला. तक्त्यावर तेव्हा नुसता मथळाच होता. साहेबांनी खालच्या कोपऱ्यात 'उत्तम' असं लिहून सही केली आणि सवयीनं शिक्काही मारला. इतरांच्या खिशात रुमाल असतो, तसा साहेबांच्या खिशात शिक्का असे. मग ते हिरव्या कापडाची तारीफ करून निघून गेले.

सभा संपली आणि सासूबाईंचा फोन आला. "बाटली तोंडात धरत नाहीये. मला बघतंय आणि रडतंय. आजीवर राग आहे की दुधावर, ये आणि तूच विचार."

भिंगरीच्या आईच्या हातात ओला तक्ता. गुंडाळला तर रंग फिसकटणार, जमिनीवर ठेवला तर कोणीतरी पाय देणार. खाली फाटकाशी एक ऐसपैस बोर्ड दिसला. टाचण्या लावलेल्याच होत्या. तिनं तक्ता त्यावर टाचला, वाळू दे म्हणाली, आणि घरी पळाली.

आता त्या बोर्डाबद्दल सांगायला हवं. कचेरीतल्या माणसाला तो नुसता बोर्ड वाटतो. डेपोत त्याला वेगळाच मान. फार पूर्वी रोज सकाळी ड्रायव्हर लोक कोणी कुठल्या मार्गावर जायचं यावर वाद घालत बसायचे, आणि पहिली बस निघेपर्यंत उन्हं चढायची. तेव्हा डेपोच्या कंट्रोलर काकांनी कायदा केला: बोर्डावर असेल ते करायचं, बोर्डाशी वाद घालायचा नाही. तेव्हापासून कोणी घालत नाही. एकदा कोणीतरी गमतीनं 'आज सगळे मिशा काढून या' असं टाचलं होतं, तर दुसऱ्या दिवशी अख्खा डेपो ओळखू येईना.

सकाळी ड्रायव्हर आले. बोर्डावर रंगीत तक्ता. मथळा 'आजपासून'. खाली साहेबांची सही, वर शिक्का. कंट्रोलर काकांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. "हसून बोलायचं?" एका जुन्या कंडक्टरनं विचारलं.

"बोर्डावर आहे," काका म्हणाले.

भिंगरीची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, तेव्हा फोन आला. साहेब होते.

"मॅडम, मी बागेपाशी गाडीत आहे. माझ्यापुढं आपली बस आहे. आणि बसच्या पुढं एक गृहस्थ पळताहेत."

"बरं."

"बरं काय? बस त्यांच्यापुढं जाऊन थांबते, दार उघडते, ते पळत पुढं निघून जातात. मग बस पुन्हा पुढं जाते, थांबते, दार उघडते. आम्ही सगळे बागेला प्रदक्षिणा घालतोय. मागे रांग लागलीय. ड्रायव्हर म्हणतो, बोर्डावर आहे. काय आहे बोर्डावर?"

भिंगरीच्या आईला ओला तक्ता आठवला. रंग वाळला की तक्ता काढायचा, हे ती साफ विसरली होती.

सासूबाई भिंगरीला शाळेत सोडायला गेलेल्या, तिचा बाबा कधीच कामावर गेलेला. तिनं बाळाला झोळीत घालून पोटाशी बांधलं, पायात मिळेल ते अडकवलं, आणि डेपोच्या दिशेनं पळत सुटली. सगळं ताबडतोब थांबवायला.

ती कोपऱ्यावर पोहोचते न पोहोचते, तोच एक बस करकचून ब्रेक लावून शेजारी थांबली. दार उघडलं. "या ताई."

"नको, नको, तुम्ही जा." तिनं हात हलवला आणि पळत राहिली.

हात हलवणाऱ्या बाईला सोडून कुठला ड्रायव्हर जाईल? बस तिच्या शेजारून हळूहळू यायला लागली. मागून दुसऱ्या मार्गाची बस आली. तिनंही पळणारी बाई बघितली. तीही थांबली. समोरच्या बाजूनं जाणाऱ्या बसनं तर वळण घेतलं. भिंगरीची आई पुढं, आणि तिच्या मागे बसची वरात. बाळ झोळीतून डोकं बाहेर काढून सगळ्यांकडे बघून खदाखदा हसत होतं. घरी बाटलीकडं बघून रडणारं हेच ते पोर.

"अहो, मला बसायचं नाहीये," ती धापा टाकत ओरडली, "मला हे बंद करायला डेपोत जायचंय."

"मग बसा की," ड्रायव्हर म्हणाला. "आम्ही तिकडंच चाललोय."

हा मुद्दा बिनतोड होता. ती चढली. चढल्यावर मात्र तिला, खरं सांगायचं तर, फार बरं वाटलं. पोटाशी लेकरू बांधून ती आजवर कितीदा बसमागं पळाली होती, आणि कितीदा मागचा दिवा तिला डोळा मारून निघून गेला होता. आज पहिल्यांदा बस तिच्या मागं आली होती.

कंडक्टर पुढं आला आणि हसला. आयुष्यात सरावच नव्हता, त्यामुळे दाढ दुखत असल्यासारखं दिसलं. खिडकीपाशी बसलेल्या एका आजोबांनी घाबरून विचारलं, "काय झालं? बस बंद होणार आहे का?"

"नाही आजोबा," कंडक्टर दात तसेच ठेवून म्हणाला. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. बसला उशीर झालाय. खरं कारण असं, की ड्रायव्हरचं काल सासऱ्यांशी भांडण झालं आणि आज त्यानं डबा आणला नाही, म्हणून आम्ही वाटेत खायला थांबलो होतो."

सगळ्यांच्या माना ड्रायव्हरकडं वळल्या. मग मागून एक बाई म्हणाली, "चूक कोणाची होती?" आणि सबंध बस त्या भांडणात पडली. डेपो येईपर्यंत निकाल सासऱ्यांच्या बाजूनं लागला होता, आणि ड्रायव्हर मान खाली घालून गाडी चालवत होता.

डेपोत साहेब आधीच पोहोचले होते. बागेतले ते गृहस्थ अखेर घाबरून बसमध्ये चढले, तिकीट काढून भलत्याच ठिकाणी उतरले, तेव्हा कुठं रस्ता मोकळा झाला होता.

"हे कोणी लावलं?"

"मी, साहेब. वाळायला."

"काढा." हे कंट्रोलर काकांना.

"उद्या सकाळी काढतो," काका म्हणाले.

"आत्ता काढा."

"साहेब, निम्म्या गाड्या या वेळापत्रकावर बाहेर पडल्यात. मधेच बदललं तर कोण कुठं जाईल ते मलाही सांगता यायचं नाही. दिवस उजाडला की बोर्डाला हात लावायचा नाही, असा इथला कायदा आहे." काकांनी घसा खाकरला. "आणि खाली सही आपलीच आहे."

साहेबांनी सही बघितली. 'उत्तम' बघितलं. मग भिंगरीच्या आईकडं वळले. "ठीक आहे. आजचा दिवस. उद्यापासून जुनं वेळापत्रक, हिरवं कापड, आणि मंडळ बरखास्त. आणि ती रात्रीची रिकामी बस किती तेल जाळते, ते मी आज स्वतः बघणार आहे."

भिंगरीच्या आईला वाटलं, आपलं काय व्हायचं ते होवो. पण मुद्दाला काय सांगायचं? मुलं म्हणतील तसं होईल, असं छातीठोकपणे सांगितलं होतं. आता तेच शब्द परत घ्यायची वेळ आली होती. तिनं फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

पलीकडून मुद्दानं सगळं ऐकून घेतलं. मग मुद्दा म्हणाली, "आज तरी बस थांबेल ना ताई?"

"आज थांबेल."

"मग मुद्दा असा आहे, की आज मी काढायला शिकून घेते."

आणि फोन ठेवला. रडली असती तर भिंगरीच्या आईला सोपं गेलं असतं.

संध्याकाळी सासूबाईंनी बाळाला काखेत घेतलं आणि सुनेला दार दाखवलं. "जा. पोरांना शब्द दिलायस. माझी काळजी करू नकोस, आज मी आणि दूध दोघंही त्याच्याशी गोड बोलणार आहोत." सासूबाईंना एरवी तिची नोकरी म्हणजे पाण्यात काठी मारण्यासारखा फुकटचा खटाटोप वाटे. त्या दिवशी त्यांनी असं म्हणावं, यानं तिच्या डोळ्यांत पाणीच आलं.

संध्याकाळच्या वर्गांच्या इमारतीसमोर शेवटची बस उभी होती. आत ड्रायव्हर, कंडक्टर आणि भिंगरीची आई. बाकी शुकशुकाट. साहेब म्हणाले होते तशी रिकामी. तिनं खिडकीला डोकं टेकलं.

मग घंटा झाली. फाटकातून आधी मुद्दा आली. तिच्या मागं तिच्या वर्गातल्या मुली. मग शिवणकाम शिकणारे, मग वायरिंगचे, मग हिशेब शिकणाऱ्या प्रौढ बायका, बोटांना रंग लागलेला पेन्सिल, आणि इमारत झाडणारे दोघं नवराबायको. रांग संपेना. लोक चढत होते आणि चढताना हळूच विचारत होते, "ही खरंच जाणार आहे ना?" जणू कोणाची तरी गाडी चुकून उघडी राहिलीय.

"इतके लोक रोज घरी कसे जातात?" तिनं मुद्दाला विचारलं.

"काही अर्ध्या वर्गातून पळतात. काही चालत जातात. बरेच शिकणं सोडतात."

भिंगरीच्या आईला कचेरीतले आकडे आठवले. शेवटच्या बसला माणसं नाहीत, असं तिथं दरवर्षी लिहिलं जाई. बसमध्ये बसलेली माणसं मोजायची पद्धत होती. बस गेल्यावर मागं राहिलेली मोजायची पद्धत नव्हती.

कंडक्टरनं घंटी वाजवली. बस हलली. एवढ्यात ड्रायव्हरला आरशात कोणीतरी दिसलं. लांब, रस्त्याच्या टोकाला. बॅग छातीशी धरलेली, टाय खांद्यावरून मागं उडालेला, बूट फटाक फटाक वाजताहेत.

"साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

"जाऊ द्या की," मागून कोणीतरी म्हणालं. "कळू दे कसं वाटतं."

"बोर्डावर आहे," ड्रायव्हर म्हणाला आणि थांबला.

बस थांबली, आणि थांबूनच राहिली. साहेबांचा वेग काही सांगण्यासारखा नव्हता. मध्ये त्यांनी एका खांबाला धरून विश्रांती घेतली. अखेर ते चढले, दांडीला लटकले, आणि बोलायला तोंड उघडलं, पण श्वासाशिवाय काही बाहेर पडेना. मुद्दानं उठून त्यांना जागा दिली, मनगट धरून नाडी बघितली, आणि "घाबरू नका, हळू श्वास घ्या," असं म्हणाली. हे तिला अर्ध्या वर्गातही पूर्ण येत होतं.

कंडक्टर पुढं आला. हसला. दिवसभराच्या सरावानं आता बरं जमत होतं.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. बसला उशीर झालाय. खरं कारण असं, की साहेबांना पळता येत नाही."

बस जी हसत सुटली, ती पुढच्या थांब्यापर्यंत. साहेब आधी लाल झाले, मग इकडंतिकडं बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या झाडणाऱ्या बाईंना म्हणाले, "रोज इतकी गर्दी असते?"

"रोज बसच नसते, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेब पुढं प्रत्येक थांब्यावर उतरणारी माणसं मोजत राहिले. उतरताना भिंगरीच्या आईला एवढंच म्हणाले, "ही राहू द्या. बाकीचं त्या मुलांना घेऊन नीट करा. माझ्यासमोर. आणि शिक्का तुम्ही ठेवा, माझ्याकडून कुठंही बसतो."

मग मंडळाची खरी सभा झाली. या वेळी कंट्रोलर काका होते, शेवटच्या बसचा ड्रायव्हरही होता. त्यानं सरळ विचारलं, "तुम्ही सगळ्यांसाठी मला थांबायला सांगता. माझं जेवण घरी थांबतं, पोरगी वाट बघत झोपून जाते, त्याचं काय?" मुलांनी एकमेकांकडं बघितलं. हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. पेन्सिलनं ब्रश बाजूला ठेवला. पुष्कळ वाद झाला, आणि शेवटची बस आळीपाळीनं सगळ्यांनी चालवायची, असं ठरलं. बोर्डाचा कायदा मोडतो म्हणून काका कुरकुरले. "मग वाद बोर्डावर लावायच्या आधी करू," मुद्दा म्हणाली, आणि ते काकांना पटलं. पळणाऱ्यांचं कलमही सुधारलं: पळत येणारा माणूस बसच्याच दिशेनं पळत असावा. सीटचं कापड हिरवं, एकमतानं. खरं कारण सांगायचं कलम काढावं, असं ड्रायव्हरांनी सुचवलं. प्रवाशांनी ऐकलं नाही.

मुद्दा परीक्षेला बसली. निकाल यायचा होता. तोवर तिनं सासूबाईंना, म्हणजे भिंगरीच्या आजीला, डॉक्टरांनी लिहून दिलेलं इंजेक्शन घरी येऊन दिलं. टोचलं आणि काढलंही. आजी म्हणाल्या, "कळलंसुद्धा नाही." भिंगरीच्या आईला वाटलं, कोणाकोणाचे आभार मानू. मुद्दाचे, काकांचे, आजींचे, की बागेतल्या त्या पळणाऱ्या गृहस्थांचे, ज्यांच्यामुळे साहेब बसमागं अडकले आणि रात्रीची बस स्वतः बघायला आले.

शनिवारी ती भिंगरीला मुद्दाम शेवटच्या बसनं घेऊन आली. बाळ झोळीत, भिंगरी खिडकीत. कंडक्टर हसला. बस भरली. एक मुलगी पळत आली आणि बस थांबली.

"बघ," भिंगरीची आई म्हणाली. तिला आता राहवेना. "हे सगळं या ताई-दादांनी ठरवलं. बसमध्ये त्यांना बसायचं असतं ना, मग त्यांना विचारून ठरवायचं. ज्याला त्या गोष्टीबरोबर राहायचंय, त्याला आधी विचारायचं. हो की नाही?"

मागच्या सीटवरच्या मुद्दानं मान डोलावली. झाडणाऱ्या बाई कौतुकानं बघायला लागल्या.

भिंगरीनं बराच विचार केला. झोळीतून डोकावणाऱ्या बाळाकडं एकदा नीट बघून घेतलं. मग सगळ्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

"मग हे बाळ आणायचं ठरलं, त्या मीटिंगला मला का नाही बोलावलं?"